अर्नोल्ड आणि असीरगड

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला अमेरिकी सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्ड निव्वळ पैशासाठी इंग्रजांना फितूर झाला, असं बरेच जण म्हणतात. पैसे घेतलेच त्याने. पण १७७७ च्या फेब्रुवारीत त्याला डावलून पाच कनिष्ठांना मेजर जनरल केलं होतं. क्वेबेकच्या लढाईत जखमी झालेल्या पायावरच साराटोगाच्या लढाईत पुन्हा गोळी लागली. असा माणूस १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या हवाली करायला निघतो, तेव्हा त्यामागे मला लालसेपेक्षा मानहानी जास्त दिसते.

आमच्या खानदेशातल्या असीरगडावरच्या फितुरीचं मात्र वेगळं. गडाला अकबराचा वेढा पडला होता. खानदेशचा सुलतान बहादूरशहा फारुकी बोलणी करायला खाली उतरला आणि अकबराने त्याला अडकवून ठेवलं. धनीच शत्रूच्या छावणीत! गडावर धान्य, दारूगोळा मुबलक, पण रोगराईने माणसं मरत होती. लढायचं तरी कुणासाठी? तेवढ्यात मोगलांचं सोनं सरदारांपर्यंत पोचलं आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. जेझुइट या ख्रिस्ती पाद्र्यांच्या वृत्तांतात एक म्हातारा हबशी सरदार येतो. त्याने शरणागती नाकारली, बाकीचे फुटताना पाहिले आणि स्वतःचा जीव दिला. त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रावेर-बऱ्हाणपूरकडच्या कुणी जुन्या माणसांकडून त्याच्याविषयी काही ऐकलं असेल तर जरूर लिहा.