कोलटकर चालतात, मग नगरकर का चालत नाहीत?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)
किरण नगरकरांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ ची, मराठी. दुसरी ‘रावण अँड एडी’ १९९५ ची, इंग्रजी. माणूस तोच, मुंबई तीच. पण इंग्रजीत लिहिलं म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. ‘ककल्ड’ला २००० साली साहित्य अकादमी मिळाली तीही इंग्रजीच्या खात्यावर.

उलट अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही कवितामालिका (१९७६) मुळात इंग्रजी. दुसऱ्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, तरी त्यांना आपण देव्हाऱ्यातून खाली उतरवलं नाही. माझं मत सरळ आहे: भारतीय इंग्रजी साहित्याचा बराच ऐवज दोन-दोन भाषांत वावरणाऱ्या असल्या माणसांनी उभा केलाय. त्यातला मराठी वाटा नाकारण्यात नुकसान आपलंच.

बांधावरून
दणदणीत असहमती. कोलटकर तरी सगळ्यांना कुठे चालले? मुंबईचा माणूस सुट्टीत पर्यटकासारखा येतो, बघतो, जातो, हा ‘जेजुरी’वरचा आक्षेप नेमाड्यांचाच. आणि नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक होते, तेव्हा ‘इंग्रजी येत नाही म्हणून जळतात’ हे ठेवणीतलं उत्तर नको.

प्रश्न एवढाच की लिहिताना समोर कोण बसलेलं असतं. ‘रावण अँड एडी’त गोष्ट थांबवून चाळीतल्या पाण्याच्या भांडणांवर पानं खर्च होतात. कोणासाठी? नळावर नंबर लावलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

शिवाय १९९७ चं सलमान रश्दींचं भारतीय लेखनाचं संकलन आठवा. स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास वर्षांत भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेलं गद्य इथल्या सगळ्या भाषांतल्या लेखनापेक्षा सरस, असा दावा. अख्ख्या पुस्तकात अनुवादित कथा एकच, मंटोची. ही असली मिजास बघितल्यावर तोंड फिरवू नये तर काय करावं?

निमा
रश्दींचं बिल नगरकरांच्या नावावर का फाडताय?

आणि पाण्याची ती पानं पुन्हा वाचा हो. ती माहितीपुस्तिका नाही, टवाळी आहे. नळावर उभं राहिलेल्यालाच जास्त हसू येईल. आता त्या चाळीचा नकाशा बघा. खालच्या मजल्यांवर रावणची हिंदू बिऱ्हाडं, सगळ्यात वर एडीचे कुटिन्हो आणि इतर ख्रिस्ती शेजारी. शाळा वेगळी, देव वेगळे. निव्वळ मराठीत लिहिलं असतं तर वरचा मजला आपल्या विनोदी नाटकांतल्या ‘मॅन’ म्हणणाऱ्या पेस्तनजी-डिसोझांसारखा झाला असता. इंग्रजीत दोन्ही मजल्यांना सारखंच परकं व्हावं लागतं. मला तरी हा न्याय वाटतो.

‘जेजुरी’तली ‘मनोहर’ही बघा. दार उघडं दिसतं, अजून एक देऊळ समजून हा आत डोकावतो, तर समोर वासरू. देऊळ नाही, गोठा. हे पर्यटकाचं लेखन असेल तर गंमत पर्यटकाचीच केलीय.

खडूस_वाचक
+१ निमा. अवांतर: ‘जेजुरी’ छापली ‘क्लिअरिंग हाऊस’ने, म्हणजे जुस्सावाला, मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर. कवीच प्रकाशक, मुखपृष्ठंही कोलटकरांचीच. इंग्रजी म्हणजे पैशाच्या राशी, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लेखकांनीच काढलेल्या आपल्या छोट्या अंकांचा, लघुनियतकालिकांचाच सख्खा चुलतभाऊ तो.

भीमथडी
दोन्ही बाजू मजेशीर आहेत. सावित्रीबाईंनी ‘काव्यफुले’त १८५४ साली इंग्रजी शिका म्हणून कविता केली. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ मराठीत काढलं आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत लिहिलं. त्यांना कोणी विचारलं नाही की समोर कोण बसलंय. मराठी सगळ्यांच्या घरी सारखीच मायेनं वागली असं धरून का चालता?

बांधावरून
भीमथडी, मुद्दा मान्य, पण तो शिक्षणाचा आणि हक्काचा. मी ललित लेखनाबद्दल बोलतोय. आणि आता तर सबबही उरली नाही. २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर गीतांजली श्रींच्या हिंदी कादंबरीला, २०२५ चं बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना. दोघी आपल्या भाषेत लिहून तिथवर गेल्या, अनुवादकांनी नेलं. मग मराठी लेखकानं उठून इंग्रजीत का लिहावं?

निमा
कारण त्याला लिहावंसं वाटलं म्हणून. त्यासाठी तुमच्याकडून ना हरकत दाखला आणायचा का?

भीमथडी
@बांधावरून, ‘बलुतं’ १९७८ चं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ चा. अनुवादकांनी नेलं म्हणता, पण कधी? आणि ललित तेवढं हक्काच्या बाहेर कसं?

बांधावरून
उशीर झाला हे खरंच. पण मग अनुवादासाठी भांडा ना, माझी सही पहिली. माझी तक्रार वाटपाची आहे. इंग्रजीला अकादमी १९६० पासून मिळते, २०१८ चं ज्ञानपीठ अमिताव घोषांना, शिवाय मूळ बुकर इंग्रजीचंच. दोन्ही हातांत लाडू. मराठीला बुकरची वाट अनुवादातूनच, आणि ज्ञानपीठाच्या रांगेत आता इंग्रजीही पुढे उभी.

पाटीपेन्सिल
त्या रांगेत घोषांच्या आधी, २०१४ साली, नेमाडेच होते की! पुरस्कारांचा वेगळा धागा काढा. इथे अजून कोणी सांगितलेलं नाही की नगरकरांची ती चाळ मराठी का नाही.