मदत हवी आहे: सिंथचा एक सूर मध्येच गायब होतो, शनिवारी कार्यक्रम आहे

खर्जातला | सोमवार, रात्री ११:४२
मंडळी, तातडीने मदत हवी. सिंथ (सिंथेसायझर) वाजवताना मध्येच एखादा सूर येतच नाही. तीच पट्टी परत दाबली की येतो, मग दुसरीच कुठली तरी मुकी. मधूनच फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज, कधीकधी तर पट्टीवरून बोट उचलल्यावरसुद्धा. केबल बदलली, अ‍ॅम्प बदलला, फरक शून्य. शनिवारी कार्यक्रम आहे. 'सर्व्हिस सेंटरला द्या' हा सल्ला कृपया नको. सोल्डरिंग येतं.

व्होल्टेजकाका | सोमवार, रात्री ११:५८
कुठला सिंथ? मॉडेल? इथे घेतलेला की बाहेरून आणलेला? मागच्या पाटीवर किती व्होल्ट लिहिलेत? 'सिंथ बिघडला' म्हणजे 'गाडी बंद पडली'. ट्रक की लुना, ते तरी सांगा.

बेंडव्हील | मंगळवार, सकाळी ७:१०
पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट. डोळे मिटून सांगतो. कीबेड उघडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड, दोन्ही बाजू पुसा, पूर्ण सुकू द्या. डब्ल्यूडी-४० चुकूनही मारू नका, तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

सर्किटवाली | मंगळवार, सकाळी ८:२५
बेंडव्हील, डोळे उघडा. कॉन्टॅक्ट गेला तर दर वेळी तीच पट्टी रुसते. इथे मुका सूर जागा बदलतोय, म्हणजे पट्टी ठीक आहे आणि तिच्या वाट्याला येणारा व्हॉइस (एका वेळी एक सूर काढणारं आतलं सर्किट) मेलाय. खर्जातला, मॉडेल सांगा. सहा व्हॉइसचा आहे का?

खर्जातला | मंगळवार, सकाळी ९:०२
रोलँडचा ज्युनो-१०६. लिहायचं राहिलं, सॉरी. मला वाटलं लक्षणांवरून कळेल.

सर्किटवाली | मंगळवार, सकाळी ९:४०
लक्षणांवरून कळलंच होतं, पण तुमच्या तोंडून हवं होतं.

१०६ मध्ये प्रत्येक व्हॉइसला ८००१७ए नावाची एक काळी, उभी चिप असते. अशा सहा. प्रत्येकीत त्या व्हॉइसचा फिल्टर आणि व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग). आत सिरॅमिकच्या पट्टीवर बारीक सुटे भाग आणि सगळ्यावर काळ्या इपॉक्सीचं लिंपण. मशीन १९८४ चं. इतक्या वर्षांनी ते लिंपण ओल धरतं, किंचित वीज वाहू देतं, आणि जिथे गळती नको तिथे गळती होते. तडतड, न दाबता वाजणं आणि शेवटी मौन, हा तिचा ठरलेला क्रम.

आधी कुठली चिप ते शोधा:
की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर ऑन करा. टेस्ट मोड येतो. आता एकेक पट्टी दाबली की डिस्प्लेवर १ ते ६ पैकी आकडा दिसतो. तो व्हॉइस नंबर. मुकी नोट आली की आकडा वहीत लिहा. असं चार-पाच फेऱ्या करा.

मग दुसरी चाचणी. सॉ आणि पल्स हे मूळ आवाज बंद, सब आणि नॉइज शून्यावर. फिल्टरचा स्लायडर मध्यावर, रेझोनन्स टोकाला, व्हीसीए गेटवर. या स्थितीत फिल्टर स्वतःच शिट्टी मारतो. मेलेल्या व्हॉइसवर शिट्टी आली तर ८००१७ए जिवंत आहे आणि दोष त्याच्या आधीच्या, मूळ आवाज घडवणाऱ्या एमसी५५३४ए मध्ये शोधा. अशा तीन चिप असतात, दोन व्हॉइसमागे एक. शिट्टीही नाही, तर ८००१७ए गेली असं धरून चाला.

कोरस बंद ठेवून ऐका. त्याच्या सळसळीत बारीक तडतड लपते.

कंडेन्सरबाबा | मंगळवार, सकाळी १०:१५
हे सगळं करण्याआधी पॉवर सप्लायचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदला. चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत, आत कोरडे पडलेत. १०५ डिग्रीचे घ्या, व्होल्टेज एक पायरी वरचं. अर्धे आजार तिथेच जातात.

सर्किटवाली | मंगळवार, सकाळी १०:३१
बाबा, सप्लाय बिघडला तर सहाही व्हॉइस एकदम बोंबलतील. सहातला एकच नेमका कसा मरेल? मल्टिमीटर लावा: +१५, -१५ आणि +५. तिन्ही जागेवर असतील आणि एसी रेंजवर रिपल (डीसीवरचा चढउतार) नगण्य असेल, तर कॅपॅसिटरना निदान शनिवारपर्यंत हात लावू नका. चालू मशीनमध्ये चार दिवस आधी वीस भाग बदलले की नवा दोष आणि जुना दोष वेगळा ओळखता येत नाही.

कंडेन्सरबाबा | मंगळवार, सकाळी १०:४४
आज ना उद्या बदलावेच लागणार, एवढंच म्हणतो.

व्होल्टेजकाका | मंगळवार, सकाळी ११:०५
पाटीवर व्होल्ट किती, हे अजून आलेलं नाही.

पॅचकॉर्ड | मंगळवार, दुपारी १:२०
एक वेगळा विचार. १०६ दुरुस्त करून विका आणि त्या पैशात युरोरॅक (सुट्या मॉड्यूलचा सिंथ) सुरू करा. एक मॉड्यूल गेलं तर चार स्क्रू काढून बाजूला ठेवायचं, बाकी रॅक चालूच. रिबन केबलची लाल रेघ -१२ व्होल्टच्या बाजूला, एवढं सांभाळलं की झालं.

सर्किटवाली | मंगळवार, दुपारी १:३८
सहा सूर एकदम वाजवायला त्यात सहा ऑसिलेटर, सहा फिल्टर, सहा व्हीसीए, निदान सहा एन्व्हलप, आणि वरून कीबोर्डचे संदेश व्होल्टेजमध्ये बदलणारा मिडी टू सीव्ही. शनिवारी टेम्पो सांगायचा का? आणि ती लाल रेघ उलटी लागली की काय जळतं तेही लिहा ना.

पॅचकॉर्ड | मंगळवार, दुपारी १:४५
हल्ली बऱ्याच मॉड्यूलमध्ये संरक्षणाचा डायोड असतो.

सर्किटवाली | मंगळवार, दुपारी १:४७
'बऱ्याच'.

रेकॉर्डवेडा | मंगळवार, दुपारी ३:०३
१०६ म्हणजे आपल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी राग वाजवलेला तोच ना? अ‍ॅसिड हाउस या डान्स संगीताच्या आधीची ती रेकॉर्ड.

व्होल्टेजकाका | मंगळवार, दुपारी ३:२०
नाही. ती रेकॉर्ड १९८२ ची, १०६ आला १९८४ मध्ये. त्यांच्याकडे ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बेस मशीन आणि टीआर-८०८ ड्रम मशीन होते. ३०३ वर एक सूर सरकत दुसऱ्यावर जातो, ती स्लाइड मींडेच्या जवळ जाते म्हणून ते जमून गेलं. १०६ वर मींड हवी तर पोर्टामेंटो (सूर सरकवण्याची सोय) आहे, पण ३०३ मध्ये हव्या त्या स्टेपलाच स्लाइड लावता येते, ती सोय इथे नाही.

रेकॉर्डवेडा | मंगळवार, दुपारी ३:२६
मग १०६ वर भैरव वाजवायला कुठला प्रीसेट चांगला?

सर्किटवाली | मंगळवार, दुपारी ३:३०
नवा धागा काढा हो.

खर्जातला | मंगळवार, रात्री ८:५०
केलं. ४ नंबर दर वेळी मुका, शिट्टीही नाही. २ नंबर तडतडतो आणि पट्टी सोडल्यावरही मागे बारीक गुणगुणतो. १, ३, ५, ६ ठणठणीत. सप्लाय +१५.०, -१४.९, +५.०. आता चिप कुठे मिळेल? लॅमिंग्टन रोडला? पुण्यात तापकीर गल्लीत?

सर्किटवाली | मंगळवार, रात्री ९:१५
दोन्हीकडे नाही. मूळ ८००१७ए केव्हाच बंद झाली. परदेशात नव्याने बनवलेले क्लोन मिळतात, पण पार्सल आणि कस्टम धरून शनिवार विसरा. तरी ऑर्डर आजच टाका, आणि दोन नको, सहा घ्या. दोन गेल्यात, बाकीच्या चार त्याच वयाच्या आहेत. लॅमिंग्टन रोडवरून मशीन्ड पिनच्या एकेरी सॉकेट पट्ट्या, ६०/४० सोल्डर, फ्लक्स आणि डीसोल्डरिंग विक आणा.

इपॉक्सीउतारे | मंगळवार, रात्री ९:४०
क्लोनची गरज नाही! अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून लिंपण काढा, चिप जिवंत होते. फुकटात काम.

सर्किटवाली | मंगळवार, रात्री ९:५२
होते, कायमची होतेच असं नाही. काही वर्षं चालतात, काही महिन्यात परत तडतडतात. आतला भागच मेला असेल तर अ‍ॅसिटोन काय करणार? २ नंबर गळतोय, तो बहुधा वाचेल. ४ नंबर पूर्ण मुका, त्यावर माझा फार भरवसा नाही.

इपॉक्सीउतारे | मंगळवार, रात्री १०:०१
क्लोन बसवला की त्या व्हॉइसची फिल्टर फ्रिक्वेन्सी, विड्थ, व्हीसीए गेन, सगळं ट्रिमरवर (बोर्डवरच्या बारीक स्क्रूंवर) नव्याने जुळवा. मूळ चिप साफ केली तर ट्रिमरला बहुतेक हातही लावावा लागत नाही. हे का सांगत नाही?

सर्किटवाली | मंगळवार, रात्री १०:०४
बरं, हे मान्य. मग शनिवारपुरतं अ‍ॅसिटोन आणि नंतर क्लोन. पण कृती नीट सांगा, नाहीतर हे अख्खा बोर्डच बुडवतील.

इपॉक्सीउतारे | मंगळवार, रात्री १०:३०
लिहितो.

प्लग काढा, अर्धा तास थांबा. वायरिंगचे फोटो काढा. चिपचं तोंड कुठल्या बाजूला आहे तो फोटो वेगळा. सोल्डरिंग आयर्न ३५० डिग्रीला. प्रत्येक पायावर आधी ताजं सोल्डर आणि फ्लक्स द्या, मग पंपाने ओढा. जुनं सोल्डर नुसतं तापवत बसलात तर तांब्याचा पॅड उचलला जातो. सगळे पाय भोकात मोकळे हलल्याशिवाय चिप ओढायची नाही. हिसका दिला की पाय सिरॅमिकमधून सुटतो आणि मग तो पुन्हा चिकटवायचा म्हणजे नसती आफत.

काचेची बाटली, पत्र्याचं झाकण. शुद्ध अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. चिप पूर्ण बुडवा, २४ ते ७२ तास. खिडकी उघडी, जवळ गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा काही नको. स्लायडरच्या टोप्या, पट्ट्या, पॅनल यांवर थेंब उडाला तर प्लास्टिक विरघळतं.

लिंपण मऊ झालं की लाकडी टूथपिकने हलकेच सोला. लवकर उतरत नसेल तर पुन्हा बुडवा, नखाने उचकटू नका. साधारण भिजवलेल्या चिंचोक्याचं साल सुटतं तसं सुटायला हवं. खाली मोहरीएवढे भाग आहेत, एक उडाला की चिप गेली. शेवटी ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये विसळा, एक दिवस सुकवा, सॉकेटमध्ये बसवा. वर परत वार्निश लावू नका.

सर्किटवाली | मंगळवार, रात्री १०:४१
वार्निश नको याला सहमत. मुंबईच्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला.

बेंडव्हील | मंगळवार, रात्री ११:१०
उघडताच आहात तर मेमरीची बॅटरीही बघा. सीआर२०३२ आहे, पत्र्याच्या टॅबसह सोल्डर केलेली. २.७ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. काढली की १२८ प्रीसेट जातात, म्हणून आधी मागच्या टेप सॉकेटमधून सेव्ह करून घ्या. साधा ऑडिओ रेकॉर्डर चालतो, एमपी३ मध्ये नको, डब्ल्यूएव्ही ठेवा. आणि मेमरी प्रोटेक्टचा स्विच विसरू नका.

खर्जातला | मंगळवार, रात्री ११:२२
बॅटरीबद्दल मी विचारलंच नव्हतं, पण २.६ निघाली. धन्यवाद. २ आणि ४ आज काढतो. शनिवारपर्यंत जमलं नाही तर उरलेल्या चार व्हॉइसवर वाजवता येईल का?

सर्किटवाली | मंगळवार, रात्री ११:३५
कॉर्ड नाही. मेलेल्या व्हॉइसला पाळी देऊ नये हे सिंथला कळत नाही, तो सूर गळणारच. पण पॉली १ आणि पॉली २ एकदम दाबा, युनिसन येतो: सगळे व्हॉइस एकाच सुरावर. त्यात दोन कमी असले तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. लीड आणि बेस निभावून जाईल. कॉर्ड दुसऱ्या कुणाच्या कीबोर्डवर टाका. मात्र तडतडणारी चिप त्या दिवशी सॉकेटमध्ये नको. जागा रिकामी असलेली बरी, कारण युनिसनमध्ये तडतड प्रत्येक सुरावर येईल.

व्होल्टेजकाका | बुधवार, सकाळी ७:३०
व्होल्ट?

खर्जातला | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५
अपडेट. ४४ तास बुडवल्या. २ नंबर स्वच्छ, तडतड गेली, गुणगुण गेली, ट्रिमरला हात लावला नाही. ४ नंबर मुकाच, तो काढून ठेवलाय. पॉली १ मध्ये दर फेरीत एक सूर गळतो, युनिसन झकास. क्लोनची ऑर्डर टाकली, सहा.

काका, पाटीवर १०० व्होल्ट लिहिलंय. मी अमेरिकन मिक्सरचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावतो, त्यावर ११० छापलंय. चालतो की इतके महिने.

व्होल्टेजकाका | शुक्रवार, संध्याकाळी ६:२१
मल्टिमीटर एसीवर ठेवा आणि त्या स्टेपडाउनच्या सॉकेटमध्ये घाला. आत्ता. मागच्या हीटसिंकला बोट लावून बघा, किती सेकंद ठेवता येतं.

खर्जातला | शुक्रवार, संध्याकाळी ६:४०
११९. बोट तीन सेकंद.

व्होल्टेजकाका | शुक्रवार, संध्याकाळी ६:४४
स्टेपडाउनचं गुणोत्तर ठरलेलं असतं. २३० चे ११० होतात, घरात २४५-२५० आले की आउटपुटही त्याच प्रमाणात चढतं. रेग्युलेटर इमानदारीत १५ व्होल्टच देतात, म्हणून तुमचं रीडिंग बरोबर आलं. वरचा सगळा जादा व्होल्टेज ते उष्णता करून टाकतात, आणि ती पेटीत कोंडते. ४ नंबर त्याने मेला असं म्हणत नाही, वय झालंच होतं. पण क्लोन आले तरी या गरमीत बसवू नका. १०० व्होल्टचा स्टेपडाउन घ्या, पाटीवर जितके वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा. उद्या कार्यक्रमाच्या ठिकाणी जनरेटर असेल तर लावण्याआधी मोजा.

रेकॉर्डवेडा | शुक्रवार, संध्याकाळी ७:०२
कार्यक्रम कुठे आहे? आणि भैरवचं कुणी सांगितलं नाही.