विषय: वीज तोडली तर घरचा ऑक्सिजन किती तास धकेल?

नमस्कार मंडळी,
घरी ५ लिटरचा काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं मशीन) आहे, आईंना मिनिटाला २ लिटरवर चोवीस तास लागतो. वणव्याच्या दिवसांत पीजी अँड ई (आपली कॅलिफोर्नियातली वीज कंपनी) वीज तोडते तेव्हा १००० वॉट-अवरचं पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) पुरेल का? आणि मेडिकल बेसलाइन (आजारी माणसाच्या घरासाठीची कंपनीची सवलत) घेतलं की आपली लाइन चालू ठेवतात ना?

---

ताई,
आधी दुसरा प्रश्न, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. नाही ठेवत. स्वस्त दराचे जादा युनिट मिळतात आणि वीज जाण्याआधी जादा इशारे येतात, एवढंच. तरी अर्ज कराच. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. बिल तुमच्या नावावर असलं तरी चालतं, आई त्या घरात कायम राहत असल्या की झालं.

आता हिशोब. असं मशीन साधारण ३५० वॉट ओढतं. नक्की आकडा मागच्या पट्टीवर असतो. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जातात, म्हणजे हाती ८५०. जेमतेम अडीच तास! काटा २ वर ठेवला म्हणून वीज निम्मी लागत नाही, कॉम्प्रेसर फिरतच असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये काही भागांत दोन दिवसांहून जास्त वीज नव्हती. तेव्हा खरा आधार सिलिंडरचा. पॉवर स्टेशन सीपॅपला (झोपेत श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनला) ठेवा: ह्युमिडिफायर बंद करून डीसी केबलवर रात्र सहज निघते.

ई साइझच्या (हाताने नेता येणाऱ्या छोट्या) सिलिंडरसाठी: गेजवरच्या पीएसआयमधून (दाबाच्या आकड्यातून) २०० वजा, गुणिले ०.२८, भागिले लिटर. २००० पीएसआय आणि २ लिटर म्हणजे २५२ मिनिटं, चार तासांच्या थोडं वर. दिवसाला सहा धरा. मशीन देणाऱ्या कंपनीकडे आजच मागा. इशारा आल्यावर सगळेच फोन करतात.

---

काका, हिशोब चोख. थोडी भर घालते.

सिलिंडर बदलताना रेग्युलेटरमधला छोटा वॉशर जुन्या सिलिंडरला चिकटून राहतो नाहीतर खाली पडतो. तो नसला की कितीही आवळा, सूं-सूं आवाज येतो आणि भरलेला सिलिंडर बघता बघता रिकामा होतो. दोन जादा वॉशर पाकिटात घालून रेग्युलेटरलाच बांधा, किल्लीही तिथेच. दिवसाउजेडी दोनदा बदलून बघा, रात्री टॉर्चच्या उजेडात शिकायची ही गोष्ट नव्हे.

सिलिंडर स्टँडमध्ये उभे किंवा आडवे, पण सुटे उभे नकोत. बंद कपाटातही नकोत.

वीज गेली की आपल्याकडे हात आधी मेणबत्तीकडे जातो. नको! देवापुढचं निरांजनसुद्धा त्या खोलीत नको. ज्योत निदान दहा फूट लांब. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका, पाण्यात विरघळणारं जेल लावा.

जनरेटर आणणार असाल तर घरापासून २० फूट लांब, उघड्यावर. गराजचं दार उघडं ठेवूनही आत चालवू नये, कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

---

काका, ताई, दोघांचे आभार. पट्टीवर ३१० वॉट आहे. कंपनीकडे बारा सिलिंडर मागितलेत.