पिल्लं, पहिला आठवडा आणि गेटवरच्या चपला : तुमचे अनुभव लिहा

शेडवाली_मुळशी
परवा खडकीला गेले होते. सिग्नलला शेजारी एक आजोबा स्कूटरवर, पायाशी भोकाभोकाचं खोकं आणि आतून तो चिवचिवाट. उबवणी केंद्रातूनच निघाले असणार. आमची शेड बंद होऊन बारा वर्षं झाली तरी माझा हात आपोआप खोक्यावर गेला, वारा लागतोय का बघायला. आजोबा हसले. घरी येईपर्यंत डोक्यात तेच, म्हणून लिहायला बसले.

घोटवड्याजवळ आमची ५०० पक्ष्यांची शेड होती. पिल्लं आली की मी आणि सासूबाई आळीपाळीने रात्र काढायचो. थर्मामीटर टांगलेला असायचा, पहिला आठवडा ९५ फॅरनहाइट आणि मग दर आठवड्याला ५ कमी. पण सासूबाईंनी तो कधी वाचला नाही, त्या पिल्लांकडेच बघायच्या. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, चिकगार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या, पत्र्याला चिकटून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय, आणि बाजरीच्या भाकरीवर तीळ पसरावेत तशी सगळीकडे दिसली की म्हणायच्या, जा, आता झोप तू.

त्यांचा एकच कडक नियम. गेटवर चुन्याची फक्की, बाहेरच्या चपला बाहेर, आतल्या वेगळ्या. सरपंच आला तरी तेच.

एका डिसेंबरात त्या लग्नाला गावी गेल्या आणि नणंदेचे मिस्टर आले. त्यांच्या शेडमध्ये मर लागली होती, काय करावं विचारायला बिचारे तिथूनच थेट आलेले, चपलांना तूस चिकटलेलं मला दिसत होतं. पण जावई माणूस, त्यांना चपला काढा कसं म्हणायचं? नाही म्हणू शकले. लासोटा लशीचा दुसरा डोसही लग्नाच्या गडबडीत आठवडाभर पुढे ढकललेला. पाचव्या दिवशी हिरवी विष्ठा, मग घशात घरघर, मग माना वळायला लागल्या. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. दोन मेलेले पक्षी बर्फात घालून औंधच्या प्रयोगशाळेत नेले, तिथेही राणीखेतच निघाला. ५०० मधले १६० राहिले.

वर्षभर मी लोकांना सांगत होते की रोग वाऱ्यावर आला. गेट मी उघडलं होतं.

तुमचंही लिहा. पिल्लं गेलेली, वाचलेली, काहीही.

शिरूरचा_गडी
ताई मानमोडी शब्द वाचला आणि अंगावर काटा आला. आमच्याकडे चपलेपेक्षा गाडीची भीती. पक्षी भरायला येणारी गाडी दिवसात पाच शेड फिरते, तेच क्रेट तीच पोरं, आणि आपल्याकडे एका शेडमध्ये ३८ दिवसांचे पक्षी भरणं चालू असतं आणि शेजारच्या शेडमध्ये आठ दिवसांची पिल्लं. मी आता एकाच वयाचा लॉट घेतो, सगळा माल गेला की लिटर (खाली अंथरलेलं तूस) काढून धुऊन चुना मारून शेड पंधरा दिवस रिकामी ठेवतो. सुपरवायझर म्हणतो लवकर भर, हप्ते आहेत, पण नाही भरत

गच्चीवाली_कोथरूड
माझं फारच छोटं आहे, लिहू का नको वाटत होतं. गच्चीवर १० गावठी पिल्लं आणली होती, मुलीच्या हट्टाने. लस १०० डोसच्या बाटलीतच मिळते, ती नळाच्या पाण्यात घालून दिली, सगळं नीट केलं असं वाटलं. तरी महिन्याभरात ४ गेली, माना वळूनच. मुलगी अजून विचारते लस दिली होती ना मग का. काय सांगू तिला?

मंचरचा_डॉक्टर
@गच्चीवाली, तुमच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि लासोटा जिवंत विषाणूची लस आहे, पाण्यातच मेली असणार. पिल्लापर्यंत पोचलीच नाही. बहुतेकांना हे कोणी सांगतच नाही, मुलीला सांगा आईची चूक नव्हती. १० पिल्लांना तर पाण्यातून देऊच नका, ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात एक थेंब, डोळा मिटून उघडला की सोडायचं.
पाण्यातूनच द्यायची तर आधी ब्लीचिंग बंद, बिनक्लोरीनचं गार पाणी, लिटरला ५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर, पिल्लं तासभर तहानलेली ठेवायची म्हणजे दोन तासांत सगळं संपतं. आणि बाटली बर्फात आणा हो. २ ते ८ डिग्री लागतं. शर्टाच्या खिशातून लस आणलेली मी दर आठवड्याला बघतो. १२-१४ दिवसांची गंबोरो रोगाची लस विसरू नका. क्लिनिकवर माणसं आलीत, नंतर लिहितो

सासवडची_सून
आमच्या सासऱ्यांच्या गळ्यात माळ. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण दोन एकर कोरडवाहू, दिरांनी कर्ज काढून शेड टाकली तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त वारीला जाताना पाऊल जड झालंय म्हणाले. नंतर पिल्लांना पाणी तेच घालायचे. सकाळी भांडी घासायची, काल राहिलेलं पाणी ओतून द्यायचं, वीटेवर भांडं पिल्लाच्या पाठीइतक्या उंचीला ठेवायचं म्हणजे त्यात घाण पडत नाही.
एका पावसाळ्यात पत्रा गळला, लिटर भिजलं, आम्ही वरवर कोरडं तूस टाकून झाकलं. तिसऱ्या आठवड्यात रक्ती हगवण. औषध दिलं पाण्यातून, तरी ६० गेली. सासरे दोन दिवस जेवले नाहीत. खड्डा त्यांनीच खणला, चुना टाकला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. आता लिटर मुठीत दाबून बघतात, गोळा झाला की बदला म्हणतात. दूध उतू जातंय थांबा

शेडवाली_मुळशी
@सासवडची_सून, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. वाचून डोळे भरले.

पवनमावळ
तुसाचं आमच्याकडे उलटं झालं. भातगिरणी जवळ, तूस स्वस्त, म्हणून जुलैत पोती भरून ठेवली आणि ती दमट. वास आला होता पण दुर्लक्ष केलं. पहिल्याच आठवड्यात पिल्लं मान वर करून तोंडाने श्वास घ्यायला लागली, आवाज काही नाही, नुसती आ करून. डॉक्टरांनी चिरून दाखवलं, फुप्फुसात पिवळे दाणे. बुरशी. यावर औषध नाही म्हणाले. त्यानंतर तूस दोन दिवस कडक उन्हात घातल्याशिवाय आत नेत नाही, आणि पावसाळी बॅच घ्यायची तर मे महिन्यातच भरून ठेवतो.
इंद्रायणी तांदूळ हवा असेल कोणाला तर सांगा, यंदाचा चांगला आलाय

गच्चीवाली_कोथरूड
@मंचरचा_डॉक्टर खूप खूप धन्यवाद. मुलीला वाचून दाखवलं. @पवनमावळ इंद्रायणी १० किलो मिळेल का, कोथरूडला पोचवता का?

जुन्नरची_आठवण
आमच्या आजीला ब्रूडर (पिल्लांना ऊब द्यायची सोय) वगैरे माहीतच नव्हतं. कोंबडी खुडूक बसली की टोपलीत राख, वर गवत, १०-१२ अंडी, आणि २१ दिवस त्या कोपऱ्यात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. पिल्लं निघाली की डालग्याखाली, घार आली की कोंबडी असा आवाज काढायची की सगळी पंखाखाली. बाजारातून आणलेली नवी कोंबडी मात्र आजी पंधरा दिवस गोठ्याच्या पलीकडे बांधून ठेवायची, बाकीच्यांत सोडायची नाही. तिला कोणी शिकवलं असेल? आता तर कोंबड्या सोडताच येत नाहीत, बिबट्या अंगणात येतो. गेल्या महिन्यात शेजारचं कुत्रं नेलं.

शिरूरचा_गडी
बिबट्या आमच्याकडेपण. रात्री शेडवर एकट्याने जायचं नाही, बॅटरी आणि मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून जायचं. पोराला पाठवत नाही मी

मार्केटयार्डवाला
मी शेडवाला नाही, अंड्यांच्या होलसेल दुकानात होतो. २००६ चा फेब्रुवारी विसरणार नाही, नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदाच. इथे पुण्यात गाळ्यात ट्रे च्या ट्रे पडून, गिऱ्हाईक लांबून जायचं. मालक सगळ्यांना सांगून दमले की नीट शिजवलेलं खाल्लं तर काही होत नाही, ७० डिग्रीला विषाणू मरतो. दौंडचा एक शेतकरी रोज फोन करायचा, माल उचला म्हणून, रडायचा. त्याचे पक्षी धडधाकट होते. म्हणून एक विनंती, कावळे किंवा कोंबड्या अचानक मरायला लागल्या तर लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, आणि हात न लावता. एकाने लपवलं की शंभर जण बुडतात.

सासवडची_सून
@शेडवाली_मुळशी, ताई एक विचारू? मग ते तुमचे भाऊजी? नंतर आले का कधी?

शेडवाली_मुळशी
आले ना. त्यांना कोणी काही बोललं नव्हतं, पण कळलं असणार. दिवाळीत भाऊबिजेला नणंदेला घेऊन आले, शेड घराच्या मागेच होती. गेटवर थांबले, चपला काढल्या, चुन्यात पाय ठेवून अनवाणीच आत आले. सासूबाई आतून आतल्या चपला घेऊन धावल्या, थंडी वाजेल म्हणून.

नवी_बॅच_भोर
मी नवीन आहे, उद्या पहाटे पहिलीच ३०० पिल्लं येतायत आणि आत्ता लाईट गेलीये. हे सगळं वाचून पोटात गोळा आलाय. कोळशाची शेगडी आहे. पडदे चारी बाजूंनी घट्ट बांधू ना?

मंचरचा_डॉक्टर
नका बांधू! वर हातभर जागा उघडी ठेवा. बंद शेडमध्ये शेगडीच्या धुरानेच सगळी जातील. कोळसा बाहेर पूर्ण फुलू द्या, धूर संपला की मगच आत. पिल्लं यायच्या आधी तीन-चार तास शेड तापलेली पाहिजे, तूस पण गरम हवं, त्यावर पेपर, पेपरवर भरडा. पहिलं पाणी कोमट, थोडा गूळ घालून, प्रत्येक खोक्यातल्या काही पिल्लांची चोच बुडवून शिकवा, बाकीची बघून पितात. संध्याकाळी पिल्लांचे पाय गालाला लावून बघा, गार लागले तर ऊब वाढवा.

शिरूरचा_गडी
आणि पिल्लांची गाडी गेटबाहेर उभी करा, खोकी तुम्हीच आत न्या. ड्रायव्हर चहाला आत येतो म्हणेल, चहा बाहेर द्या

नवी_बॅच_भोर
पहाटे साडेपाचला आली. ३०६ मोजली, ४ मेलेली निघाली, दोन पायाने अधू आहेत ती वेगळ्या खोक्यात ठेवलीत बाटलीत गरम पाणी भरून. ड्रायव्हरदादांना चहा गेटवर दिला, त्यांना वाईट नाही वाटलं. लाईट आलीये. बाकीची आत्ता पेपरवर टकटक करतायत, मध्येच दोन-तीन उभ्या उभ्या झोपतात. फोटो टाकते, फोन चार्ज झाला की.

जुन्नरची_आठवण
टाका टाका. वाट बघतेय