शब्दचर्चा: हिप-हॉपमधील ‘सॅम्पल’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक:
लाँग आयलंडच्या ‘डी ला सोल’ या त्रिकुटाने १९८९ साली काढलेल्या ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ या अल्बमवरील लेखाचा अनुवाद मी करीत आहे. जुन्या तबकडीवरचा काही सेकंदांचा आवाज जसाच्या तसा घेऊन त्यावर नवे गाणे रचणे, या अर्थी मी ‘नमुना’ हा शब्द योजला होता. संपादकांनी तो खोडून ‘उचल’ लिहिले. मला त्यात उचलेगिरीचा वास येतो. आपले मत काय?

शब्दवेडा:
‘नमुना’ मलाही पटत नाही, पण तो फारसीतून आला म्हणून नव्हे. मूठभर गव्हाचा नमुना साऱ्या पोत्याविषयी सांगतो. सॅम्पल मूळ गाण्याविषयी काहीच सांगत नाही, ते नव्या गाण्याचा कच्चा माल असते. माझ्या आवडत्या ‘वानगी’लाही हाच आक्षेप लागू पडतो. ‘ध्वनिखंड’ घ्यावा, तो शुद्ध आणि नेमका आहे.

रियाजी:
‘ध्वनिखंड’ हे नाम झाले. क्रियापद कोठून आणणार? ‘सॅम्पल केले’ हे प्रत्यक्ष वापरात आहे आणि कोणालाही कळते.

नाट्यप्रेमी:
संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचा निर्देश छापलेला असे. तोच ‘चालीवर’ येथे का नको?

रियाजी:
कारण चाल घेणे वेगळे आणि प्रत्यक्ष ध्वनी घेणे वेगळे. १९७९ च्या ‘रॅपर्स डिलाइट’ या रॅप गाण्यासाठी वादकांनी ‘शिक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’मधली बेसची लकेर पुन्हा वाजवली होती, त्याला ‘चालीवर’ म्हणता येईल. मात्र १९८८ च्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ या गाण्यात ड्रमवादक ग्रेगरी कोलमनने १९६९ साली ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात वाजवलेले ड्रम स्वतःच ऐकू येतात. पुढे असंख्य गाणी त्या चार आवर्तनांवर उभी राहिली आणि कोलमनला त्याचे मानधन मिळाले नाही. त्यामुळे संपादकांचा ‘उचल’ मला अगदीच अन्याय्य वाटत नाही.

अनुवादक:
परंतु न्यायालयानेही नेमका हाच कठोर अर्थ घेतला, त्याचे काय? १९९१ मध्ये गायक गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा अंश वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल देताना न्यायाधीशांनी ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधील आज्ञेने आरंभ केला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी काढणे भाग पडले, आणि ‘डी ला सोल’चा हा अल्बम तर परवानग्यांच्या गुंत्यामुळे २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊच शकला नाही. ज्या शब्दात निकाल आधीच दडलेला आहे, तो मी अनुवादात कसा वापरू?

शब्दवेडा:
ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो तीही उचलच, आणि ती फेडावी लागते. शब्दात चोरी नाही, देणे आहे. २००२ च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात लताबाईंच्या आवाजातले ‘थोडा रेशम लगता है’ वापरले गेले, तेव्हा बप्पी लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश अमेरिकी न्यायालयाने दिला होता. उचल फेडायला लावली, इतकेच.

नाट्यप्रेमी:
मग ‘उसनवारी’ अधिक सभ्य नाही का?

रियाजी:
उसने घेतलेले जसेच्या तसे परत करतात. येथे तुकडा कापला जातो, त्याची गती बदलते, तो पुन:पुन्हा फिरवला जातो. त्या फिरवण्याला, म्हणजे ‘लूप’ला, आपण ‘आवर्तन’ म्हणतो खरे. पण तबल्याच्या आवर्तनात वादकाला दर खेपेस बदल करण्याची मुभा असते, लूपमध्ये ती नसते. त्यामुळे मी आधी वापरलेल्या ‘चार आवर्तनां’वरही कोणी आक्षेप घ्यावा.

शब्दवेडा:
घेतोच. तेथे ‘मात्रागट’ हवा.