मदत हवी आहे: पोटात बाळ आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह, बाळाला होणारच का?

टिटवी
काल संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. बी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका, बघू आपण," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसून मोबाइलवर वाचत सुटले. एकीकडे लिहिलंय बाळाला ९० टक्के होतो, दुसरीकडे लिहिलंय होतच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बाळाला होऊ नये म्हणून मी आज, आत्ता काय करू, एवढंच सांगा. "डॉक्टरांना विचारा" म्हणू नका, त्यांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळालीय.

वाटाड्या
ताई, बी पॉझिटिव्ह हा रक्तगट झाला, आजार नव्हे. आई निगेटिव्ह असेल तर अडचण असते. माझ्या बायकोचा निगेटिव्ह होता, तिला २८व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन दिलं आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला म्हणून डिलिव्हरीनंतर पुन्हा एक दिलं. तुम्ही निर्धास्त राहा.

टिटवी
रक्तगट नाही हो! हिपॅटायटिस बी, तो लिव्हरचा आजार!

गोधडी
अगं, आधी दोन घोट पाणी पी. मग तीन गोष्टी सांग. कितवा आठवडा? रिपोर्टमध्ये नेमकी कुठली ओळ पॉझिटिव्ह आहे? आणि व्हायरल लोड केलाय का? मी याच वाटेनं गेलेय, माझा मुलगा आता ६ वर्षांचा आहे आणि त्याला काहीही झालेलं नाही.

रानवारा
एकच उपाय, सिझर करून घ्या. माझ्या बायकोलाही हाच आजार. आम्ही आधीच तारीख ठरवून सिझर केलं, मुलगी ठणठणीत. नॉर्मलमध्ये बाळ आईच्या रक्तातून बाहेर येतं, तिथेच लागण होते.

काजवा
रानवारा, तुमच्या मुलीला जन्मल्यावर इंजेक्शनं दिली होती का?

रानवारा
हो, दोन दिली. पण सिझर केलं म्हणूनच वाचली.

काजवा
मी लेबर रूममध्ये नर्स आहे, म्हणून स्पष्ट बोलते. ती त्या दोन इंजेक्शनांमुळे वाचली, एक लस आणि दुसरं इम्युनोग्लोब्युलिन. फक्त हिपॅटायटिस बी आहे म्हणून सिझर करा असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. पोट फाडतानाही आईच्या रक्ताचा संबंध येतोच. दुसऱ्या कारणानं सिझर लागलं तर गोष्ट वेगळी. घाबरलेल्या बाईला ऑपरेशनच्या वाटेला लावू नका.

रानवारा
तुम्ही नर्स असाल, पण आम्ही ते दिवस काढलेत. अनुभवाला काही किंमत आहे की नाही?

गोधडी
भांडू नका रे, तिला उत्तर हवंय. टिटवी, आहेस का?

टिटवी
आहे. २९वा आठवडा. एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह, जाड अक्षरात. व्हायरल लोड काय असतो? बाकी सगळं नॉर्मल लिहिलंय. मला कधी कावीळसुद्धा झालेली नाही. मग हे आलं कुठून?

काजवा
एचबीएसएजी हा विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा भाग, तो रक्तात सापडला म्हणजे लागण आहे. कुठून आलं ते नंतर पाहू. आधी दोन तपासण्या: एचबीईएजी, म्हणजे ई अँटिजेन, विषाणू जोरात वाढतोय का ते सांगणारी, आणि एचबीव्ही डीएनए, रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी. दुसरीलाच व्हायरल लोड म्हणतात. कुठलाही उपाय केला नाही तर ई अँटिजेन पॉझिटिव्ह असलेल्या आईकडून ७० ते ९० टक्के बाळांना लागण होते, निगेटिव्ह असेल तर १० ते ४० टक्के. तुम्ही वाचलेला आकडा इथला असावा. हे सगळं काहीच न केल्यास. डीएनए २ लाख युनिटच्या वर निघाला तर २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिरची गोळी सुरू करतात, म्हणजे डिलिव्हरीपर्यंत रक्तातला विषाणू खाली येतो. तुमचा २९वा चालू आहे, म्हणून वेळेची वाट पाहत बसू नका. उद्या सकाळी ओपीडीत जा आणि "एचबीएसएजी पॉझिटिव्ह, डीएनए करायचाय" एवढं एकच वाक्य सांगा. थांबवणार नाहीत.

पाऊलवाट
आणि बाळाला अंगावर पाजू नका हं. माझ्या मावसबहिणीला सहा महिने वरचं दूध द्यायला सांगितलं होतं.

गोधडी
नाही! हे वाचून राहवत नाही. मलाही ड्युटीवरच्या बाईंनी हेच सांगितलं होतं. तीन दिवस मी चीक पिळून स्टीलच्या वाटीत काढला आणि बेसिनमध्ये ओतून दिला. पिवळा, घट्ट चीक. बाळ शेजारच्या पाळण्यात रडत होतं आणि मी नळ सोडून वाटी धुवत होते. चौथ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरांनी फाईल पाहिली आणि म्हणाले, "कुणी सांगितलं पाजू नका म्हणून?" बाळाला इंजेक्शनं मिळाली असतील तर अंगावरचं दूध सुरक्षित आहे. पहिल्या तासात पाजायलाही हरकत नाही. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर तेवढी बाजू बरी होईपर्यंत जपायची. ते तीन दिवस मला अजून सलतात, टिटवीचे तरी जाऊ नयेत.

पाऊलवाट
माफ करा, मला जे सांगितलं गेलं तेच लिहिलं. बहिणीला हे दाखवते.

टिटवी
पण जन्मल्यावर लस देऊन काय उपयोग? तोवर बाळाला झालेलाच असेल ना?

काजवा
फार चांगलं विचारलंत. पोटात असताना लागण क्वचितच होते. बहुतेक वेळा ती डिलिव्हरीच्या वेळी होते, आईचं रक्त आणि स्राव बाळाला लागतात तेव्हा. पण आत शिरल्यावर विषाणूला बस्तान बसवायला कित्येक आठवडे लागतात. ती उसंत आपल्या हाती असते. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, ती लगेच कामाला लागतात. लस बाळाच्या शरीराला स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकवते. इम्युनोग्लोब्युलिन १२ तासांच्या आत, लस २४ तासांच्या आत, आणि दोन्ही जितक्या लवकर तितकं बरं. आम्ही आधी बाळाच्या मांड्यांवरचं रक्त नीट पुसून काढतो, मग एका मांडीत लस, दुसरीत इम्युनोग्लोब्युलिन. पुढचे दोन किंवा तीन डोस किमान ४ आठवड्यांच्या अंतरानं. ते चुकवायचे नाहीत. बाळाचं वजन २ किलोपेक्षा कमी भरलं तर जन्मावेळचा डोस मोजणीत धरत नाहीत, त्यानंतर तीन द्यावे लागतात.

वाटाड्या
मग लस पुरे नाही का? सगळ्याच बाळांना देतात ती. दोन-दोन सुया कशाला?

काजवा
नुसत्या लसीनंही पुष्कळ बाळं वाचतात, आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालंच नाही तर लस थांबवायची नसते. पण आईचा लोड जास्त असेल तर दोन्ही हवीत. मोठ्या माणसाला लागण झाली तर आजार कायमचा मागे लागण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. जन्मावेळी झाली तर ९० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातून पुढे सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, नाहीतर लिव्हरचा कॅन्सर. एका सुईसाठी ही जोखीम कशाला घ्यायची?

गोधडी
आणि टिटवी, ते इंजेक्शन कुठे मिळेल हे आजच विचारून ठेव. लस फ्रिजमध्ये असते, इम्युनोग्लोब्युलिन असेलच असं नाही. माझी डिलिव्हरी शुक्रवारी रात्री झाली आणि हॉस्पिटलमध्ये ते नव्हतंच. नवरा बर्फाचा डबा घेऊन रात्रभर औषधांची दुकानं पालथी घालत होता. नवव्या तासाला मिळालं. डॉक्टरांना दोन महिने आधीपासून माहीत होतं, पण रात्रीच्या ड्युटीवर दुसरेच लोक होते. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं मोठं लिहून घे: आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह, बाळाला १२ तासांत दोन्ही इंजेक्शनं.

अबोल
मध्येच विचारतो. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर? मी पॉझिटिव्ह आहे, लग्न ठरलंय, आणि अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काजवा
अबोल, आधी तिला सांगा. तिची तपासणी करून लसीचे तीन डोस पूर्ण झाले आणि प्रतिपिंडं तयार झाली की तिला तुमच्यापासून धोका राहत नाही. तिलाच झाला नाही तर बाळंतपणात बाळाला होण्याचा प्रश्नच नाही. बाळाला जन्मावेळची लस तरीही हवीच. सविस्तर विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येते.

टिटवी
आज रक्त दिलं. मिस्टरांचंही दिलं. आता घरच्यांनी माझं ताट-वाटी वेगळं काढलंय. कुणी वाईट वागत नाही, पण काल पुतण्या मांडीवर बसायला आला तर त्याला उचलून नेलं.

गोधडी
ताटातून, मिठीतून, खोकल्यातून हा पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते ब्रश, रेझर, नेलकटर, ज्याला रक्त लागू शकतं ते. हा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकतो, म्हणून रक्त सांडलं तर नीट पुसायचं. बाकी पुतण्याला बसू दे मांडीवर. हवं तर हे वाचून दाखव घरी.

काजवा
टिटवी, तुम्ही विचारलं होतं ना, कुठून आलं. घरात आधी कुणाला लिव्हरचा त्रास होता का?

टिटवी
आई लिव्हरच्या आजारानंच गेली, मी कॉलेजात असताना. पण तिला हिपॅटायटिस नव्हता. तिची फाईल माझ्याकडेच आहे, आत्ता काढून पाहिली. त्यात "ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह" असं काहीतरी आहे. ते वेगळं ना?

काजवा
वेगळं नाही. एचबीएसएजीचंच ते जुनं नाव. ब्लूमबर्ग यांना तो १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला, म्हणून ते नाव पडलं. पुढे १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या आईला हाच आजार होता. तुम्हाला बहुधा जन्मतानाच झाला असावा, आणि कावीळ न होता तो असाच वर्षानुवर्षं राहू शकतो. यात तुमच्या आईचाही दोष नाही आणि तुमचाही. सख्खी भावंडं आहेत का? त्यांची तपासणी झालीय?

टिटवी
धाकटा भाऊ आहे. त्याला कुणी कधीच तपासलेलं नाही. थांबा.

टिटवी
पाच दिवसांनी लिहितेय. ई अँटिजेन पॉझिटिव्ह, डीएनए १४ कोटी. टेनोफोव्हिर सुरू झाली, रात्री जेवणानंतर एक. डिलिव्हरी झाली तरी आपल्या मनानं बंद करायची नाही, लिव्हरच्या तपासण्या होईपर्यंत चालू, असं डॉक्टरांनी बजावलंय. मिस्टर निगेटिव्ह, त्यांचा पहिला डोस झाला. इम्युनोग्लोब्युलिन ३६व्या आठवड्यात मागवून फ्रिजमध्ये ठेवणार म्हणाले. फाईलवर लाल पेनानं मी स्वतःच लिहिलं. भावाचा रिपोर्ट उद्या संध्याकाळी येईल. गोधडीताई, तुमच्या मुलाची तपासणी कधी केली होती? जन्मल्याबरोबर कळत नाही का?

गोधडी
नाही गं, लगेच करून उपयोग नसतो. ९ महिने ते १ वर्ष या काळात, सगळे डोस झाल्यावर. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि प्रतिपिंडं १० च्या वर असली की बाळ सुरक्षित. भावाचं कळलं की लिही, कितीही वाजले तरी. मी जागी आहे.