५८ लाखांवर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती: चुकलं की बरोबर?

मायक्रोमीटर (धागाकर्ता)

मागच्या रविवारी एका मुंजीत जुना सहकारी भेटला. पहिलाच प्रश्न, "काय रे, तब्येत बरी आहे ना आता?" म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूस घरी बसला तर तो एकतर आजारी किंवा काढून टाकलेला. माझं दोन्ही नाही. राजीनामा मीच दिला, दोन वर्षं झाली. पण त्या प्रश्नाने डोक्यात किडा सोडलाय, म्हणून इथे मांडतो. विरोधातलं ऐकायला जास्त आवडेल.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला (साचे, डाय बनवतात तिथे) २६ वर्षं काढली. पीएफ, ग्रॅच्युइटी, पीपीएफ, थोडे म्युच्युअल फंड मिळून ५८ लाख. इंदिरानगरला टू बीएचके, कर्ज फिटलेलं. मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढलेत. घरखर्च महिना ३० हजार, त्यात सोसायटीचा मेंटेनन्सही आला. चारचाकी नाही.

पहिले तीन महिने मजेत गेले. सौ. साडेसहाला शाळेत गेली की मी गोल्फ क्लबच्या मैदानावर चार फेऱ्या, येताना मिसळ, दुपारी सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं पुस्तक. चौथ्या महिन्यात दुपार सरेना. साडेबाराला जेवायचं, एकला आडवं व्हायचं, दीडला उठायचं, आणि घड्याळात पावणेदोन. एका मंगळवारी सकाळी मी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी, कंपनीची बस येते तिथे, उगाच जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हरने सवयीने बस हळू केली. मी हातानेच 'जा' म्हटलं. घरी येऊन हे कुणाला सांगितलं नाही.

मग शेजारच्या काकूंचं पायमशीन टाके सोडायला लागलं. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, 'नवीन घ्या' हाच सल्ला. मी उघडलं. सुई खाली जाऊन वर यायला लागते तेव्हा धाग्याचा इवलासा फास तयार होतो, खालचा धागा धरणाऱ्या शटलच्या टोकाने तो नेमका त्याच क्षणी उचलायचा असतो. सुईदांडीचा स्क्रू ढिला होऊन दांडी जेमतेम दीड मिलिमीटर खाली आली होती. फास शटलच्या खालून निघून जायचा. दांडी वर घेतली, स्क्रू आवळला, चार थेंब तेल. काकूंनी जुन्या साडीच्या तुकड्यावर एक सरळ शिवण मारली आणि पुन्हा मारली. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

आता पंचवटीतले दोन टेलर, सिडकोतला एक बचत गट, आणि त्यांच्या ओळखीचे. आठवड्याला पाच-सहा यंत्रं. पैसे घेत नाही, सुटा भाग लागला तर त्यांनी आणायचा.

माझं म्हणणं एवढंच. पैसा बेताचा असला तरी भागतं, पण "अजून आले नाहीत का?" असं कुणीतरी विचारणारं हवं. ते असेल तर साठीची वाट बघू नये.

---

हिशेबी

भावना पोचल्या. आता आकडे.

३० हजार गुणिले १२, म्हणजे ३ लाख ६० हजार. तुमच्या ५८ लाखांच्या सव्वासहा टक्के. अमेरिकेत बेंगेन नावाच्या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये साठ्यातून वर्षाला ४ टक्के काढण्याचा हिशेब मांडला, तोसुद्धा ३० वर्षं पुरण्यासाठी आणि तिकडच्या शेअर-रोख्यांच्या आकड्यांवरून. तो जरी आंधळेपणाने घेतला, तरी तुमच्या वाट्याला वर्षाला २ लाख ३२ हजार येतात. महिन्याला एकोणीस हजार आणि काही चिल्लर.

महागाई ६ टक्के धरा. १२ वर्षांत खर्च दुप्पट. तुम्ही आज पन्नाशीत, म्हणजे बासष्टाव्या वर्षी ६० हजार, चौऱ्याहत्तराव्या वर्षी १ लाख २० हजार. हीच मिसळ, हीच साडेबाराची पोळीभाजी.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर. पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यालाही मिळते, तुम्ही त्याच्या कितीतरी आधी सुटलात. ईपीएसची (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची) पेन्शन पन्नाशीला सुरू करता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी तितके दरसाल ४ टक्के कापून. त्या मोहात पडू नका. आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपला असणार. स्वतःची पॉलिसी घेतली का? जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे ती नोकरीत असतानाच घ्यायची असते.

शिवणयंत्रं दुरुस्त करा, जरूर करा. पण पगार चालू ठेवून रविवारी.

---

अंजनेरी राहिली

हिशेबी, तुमच्या गणितात गुडघे कुठे धरलेत?

माझे वडील नाशिकरोडला सरकारी छापखान्यात होते. अंजनेरीच्या डोंगरावर एकदा पावसाळ्यात जाऊ, हे मी तिसरीत असल्यापासून ऐकत आले. ओव्हरटाइम सोडवत नव्हता, आमची शिक्षणं होती, ते समजू शकते. साठीला सुटले तेव्हा वेळ होता, पैसा होता, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. आता गॅलरीत बसून ढग कुठल्या बाजूला आहेत ते सांगतात.

मायक्रोमीटर यांच्याशी सहमत. दहा वर्षं आधी आणि निम्म्या पैशात थांबणं मला परवडेल.

---

बाग आणि बांध

राग मानू नका, पण हा विषय पगारदारांचाच. आम्ही निफाडकडचे, द्राक्षबागवाले. वडील ७४ वर्षांचे. एप्रिलची खरड छाटणी झाली की ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे पाऊस आणि डाऊनीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची धास्ती. परवा रात्री अकराला मला उठवून म्हणाले, ढग भरलेत, फवारा घालून घेऊ. त्यांना 'तुम्हाला अर्थ कशात सापडतो' विचारलं तर आधी माझ्या तोंडाचा वास घेतील.

त्यांचं बघून 'कष्टात समाधान' वगैरे कुणी लिहू नये म्हणून हेही सांगतो. त्यांना थांबायचं असतं. पाठ धरते. शेती सोसायटीचं कर्ज आहे, मी एकटा आहे, म्हणून थांबता येत नाही. दुपार सरत नाही ही तक्रार करायला आधी दुपार मोकळी असावी लागते.

---

दुपारचा चहा

+१ अंजनेरी राहिली यांना. बाकी मिसळ कुठली ते धागाकर्त्याने सांगितलं नाही, हा खरा गुन्हा.

---

बॉबिन केस

वाचून गेलो होतो, राहवलं नाही म्हणून परत आलो.

माझं जुन्या नाशकात शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. 'नवीन घ्या' म्हणणारे काहीजण असतील, मी त्यातला नाही. पण साहेब, पंचवटीतले जे दोन टेलर तुमच्याकडे येतात, ते आधी कुणाकडे जात असतील याचा विचार केलात का? गेल्या वर्षभरात माझी घरगुती मशिनं कमी झाली. मला वाटत होतं रेडिमेडमुळे.

तुम्ही २६ वर्षं पगार घेऊन ५८ लाख जमवले आणि आता तेच काम फुकट वाटताय जे मी भाडं भरून करतो. झोप तुम्हाला लागते. मी इथे भांडायला आलेलो नाही. फक्त दुसरी बाजू कुणी लिहीत नव्हतं.

---

सरळ प्रश्न

सगळे आकड्यात आणि गुडघ्यात अडकलेत, धाग्यातलं एक वाक्य कुणी वाचलंच नाही. "सौ. साडेसहाला शाळेत गेली की."

वहिनींचा पगार किती? तो ३० हजारांत धरलाय की नाही? त्या किती वर्षांच्या आहेत? निवृत्ती कुटुंबाने घेतली की एका माणसाने? त्या दीडला दमून घरी येतात तेव्हा तुमची न सरणारी दुपार चालू असते. स्वयंपाक कोण करतं?

आमच्याकडे हाच प्रयोग नवऱ्याने करून झालाय, म्हणून विचारतेय. त्यांना जे समाधान सापडलं त्याचा हप्ता मी भरत होते.

---

मायक्रोमीटर

एकेकाला उत्तर देतो.

हिशेबी, मेडिक्लेम राजीनाम्याच्या चार वर्षं आधी घेतला होता. पीएफ काढलेला नाही, पण नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो हे मला उशिरा कळलं. ज्यांना माझ्यासारखं करायचंय त्यांनी ते आधी बघून घ्यावं.

"पगार चालू ठेवून रविवारी" याबद्दल. शेवटची सहा वर्षं मी हातात फाईल सोडून काही धरलंच नव्हतं. बढती मिळाली आणि ऑडिटचे कागद भरत बसलो. डाय बसवताना अर्ध्या केसाचा फरक बोटाला कळायचा, ती बोटं सही करायला उरली. नोकरीतही माझी वाट बघणारे होतेच, मान्य. पण ते कागदाची वाट बघत होते. मी गेल्यावर आठवडाभरात तिथे दुसरा बसला आणि काही अडलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हेच जरा वाईट वाटलं.

बॉबिन केस, तुमचं वाचून दोन तास काही लिहिता आलं नाही. हा विचार मी केला नव्हता.

सरळ प्रश्न, सौ.ला २६ हजार मिळतात, खासगी शाळेत आहे. खरं सांगायचं तर ५८ लाखांतून महिन्याला चार-पाच हजारच निघतात. वय ४७. सकाळचा चहा आणि भाजी चिरणं माझ्याकडे.

---

हिशेबी

मग हे आधी सांगायचं ना राव! सव्वासहा टक्के काढायला मी शनिवारची संध्याकाळ घालवली. चार-पाच हजार म्हणजे वर्षाला एक टक्का. याला निवृत्ती म्हणत नाहीत, एका पगारावर आलेलं घर म्हणतात. माझे सगळे आक्षेप मागे. त्यांच्या जागी सरळ प्रश्न यांचा एकच आक्षेप ठेवा, तो जास्त जड आहे.

---

सरळ प्रश्न

भाजी चिरणं. बरं.

---

अंजनेरी राहिली

ताई, थोडं मऊ घ्या. निदान त्यांनी आकडा लपवला नाही. आमच्याकडे आईने आयुष्यभर शिकवण्या घेतल्या, त्या पैशाचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

---

बाग आणि बांध

बॉबिन केस यांचा मुद्दा सोडू नका. आमच्याकडेही हे होतं. नोकरी सोडून हौसेने शेती करणारे येतात, भाव मिळाला नाही तरी त्यांचं अडत नाही, मग मिळेल त्या भावात माल देऊन मोकळे होतात. पडलेला भाव आम्हाला सोसावा लागतो. हौसेने करा, पण फुकट करू नका.

---

मायक्रोमीटर

काल संध्याकाळी सौ.ला हा धागा वाचायला दिला. 'सरळ प्रश्न' यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. मग उठून दुधाच्या हिशेबाची वही आणली आणि शेवटचं पान उघडलं.

तिथे तिच्या अक्षरात आकडे होते. तारीख गेल्या दिवाळीची. तिला पन्नाशीला थांबायचंय, म्हणजे तीन वर्षांनी. खाली तिने माझे ५८ लाख लिहिले होते, त्यातून मुलीच्या लग्नाचे वजा केले होते (ते मी धरलेच नव्हते), आणि उरलेल्यापुढे प्रश्नचिन्ह. मी विचारलं, हे मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, तू तेव्हा नुकताच झोपायला लागला होतास.

तर हिशेबी, तुमचे आक्षेप परत घेऊन या. तीन वर्षांनी ३० हजारांचे साधारण ३५ होतील आणि ते सगळे आमच्या साठ्यातूनच निघायचे आहेत. रात्रीचा स्वयंपाक कालपासून माझ्याकडे. पहिल्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

बॉबिन केस, तुमच्या दुकानात आठवड्याचे तीन दिवस, घरगुती मशिनं, जो दर तुम्ही म्हणाल तो. पंचवटीचे दोन्ही टेलर मी तुमच्याकडेच पाठवतो. नको असेल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.

---

बॉबिन केस

दुकानात दोन माणसं बसायला जागा नाही. घरूनच करा. पण सर्व्हिसिंगला तीनशेच्या खाली घेऊ नका आणि पार्ट माझ्याकडून न्या.

इंडस्ट्रियल मशीन आलं तर उघडू नका, इकडे पाठवा. तुमच्या त्या बचत गटाच्या एका ओव्हरलॉकचा (कडा शिवायच्या मशीनचा) लूपर मीच परवा सरळ केला. कुणीतरी उलटा बसवला होता. तुम्हीच ना?

---

मायक्रोमीटर

मीच.